नाही म्हणायची जागा

माझ्या नवऱ्याच्या आवडत्या गायिकेशी मी तीस वर्षं भांडत होते आणि त्या बाईला त्याचा पत्ताही नव्हता. ती मुंबईची, संगीत नाटकांतून गाजलेली. आम्ही सोनपेठचे. तिचा-आमचा संबंध एवढाच, की तिच्या एका मैफिलीच्या दोन कॅसेटी आमच्या घरात होत्या. आपल्या नाटकांतली निवडक गाणी तिनं एका नाट्यगृहात भरगच्च लोकांपुढं म्हटली होती आणि तो अख्खा कार्यक्रम जसाच्या तसा रेकॉर्ड करून कुणीतरी विकायला काढला होता. जसाच्या तसा म्हणजे खरोखरच जसाच्या तसा. टाळ्या, खोकले, मध्येच एक पोर रडतंय, तबलजी हातोडीनं तबला ठोकून सुरात आणतोय, पुढच्या रांगेतला कुणीतरी फर्माईश ओरडतोय आणि बाई त्याला हसून म्हणतेय, "थांबा हो, तेही येणार आहे."

माझं म्हणणं असं, की याच बाईची हीच गाणी स्टुडिओत केलेली, स्वच्छ, बाजारात मिळत असताना माणसानं ही खोकल्यांची कॅसेट का घ्यावी? "निवडलेले तांदूळ समोर होते, तुम्ही खड्यांचे उचललेत," असं मी म्हणायचे. यावर यांचं उत्तर ठरलेलं होतं. "बाई, तिथं ती भिंतीला गाऊन दाखवायलीय. इथं माणसाला." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे म्हणून हे मला घरातही बाईच म्हणत. शाळेत बाई म्हणणारी चाळीस पोरं, घरात हे एकेचाळिसावं.

हे बसस्टँडवर नियंत्रक होते. म्हणजे जाळीच्या खिडकीमागं बसून, अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे, असं माईकवरून पुकारणारा माणूस. जन्मभर यांनी गर्दीशी बोलायची नोकरी केली आणि त्या गर्दीनं यांना एकदाही उत्तर दिलं नाही. उलट पुकारून झालं की लोक खिडकीशी येऊन तेच पुन्हा विचारत. एकदा, परभणीच्या स्टँडवर बदलीला असताना, यांनी पालमची गाडी सोनपेठची म्हणून पुकारली. पाटी वाचायची सवय कुणाला? अर्धं वऱ्हाड पालमच्या रस्त्याला लागलं आणि नवरी सोनपेठात मुंडावळ्या बांधून बसलेली. हा किस्सा हे स्वतःच रंगवून सांगत. पण सांगताना शेवटी एक वाक्य हमखास यायचं, "तोंडातून गेलं की गेलं बघा. माईकला खोडरबर नसतंय."

म्हणूनच असेल, त्या मैफिलीतली यांची सगळ्यांत लाडकी जागा म्हणजे त्या बाईची चूक. तिसरं गाणं ती फार वरच्या पट्टीत उचलते. दोन ओळी होतात आणि तिच्या लक्षात येतं, की पुढची तान इथून झेपणार नाही. ती थांबते. सगळं नाट्यगृह चिडीचूप. मग ती म्हणते, "चुकले. पुन्हा येते." आणि अशा काही टाळ्या पडतात, की गाणं संपल्यावरही तेवढ्या पडत नाहीत. ती जागा जवळ आली की हे मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलवत. मी लाटणं हातात घेऊन यायचे, ऐकायचे आणि म्हणायचे, "चुकली म्हणून टाळ्या? माझ्या वर्गात चुकणाऱ्याला मी बाकावर उभं करते." हे पोट धरून हसायचे आणि कॅसेट मागं नेऊन तेवढंच पुन्हा लावायचे.

त्या मैफिलीत यांचंही काम होतं. पहिलं गाणं संपलं की बाई विचारते, "मागच्या खुर्च्यांना ऐकू येतंय ना?" आणि सगळं नाट्यगृह ओरडतं, "होऽय!" मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं झालं की विचारते, "कंटाळलात का?" आणि सगळे ओरडतात, "नाऽही!" या दोन्ही ठिकाणी हे ओरडायचे. दाढी करत असोत, मोजे चढवत असोत, तोंडात घास असो. होय आणि नाही, दोन्ही अगदी वेळेवर, त्या शेकडो लोकांत आपला आवाज मिसळून. त्या नाट्यगृहाचं तोंडही यांनी पाहिलं नव्हतं. पण विचारलं तर यांची खुर्ची ठरलेली होती, मागून दुसरी रांग, खांबाला लागून. मला हा निव्वळ पोरकटपणा वाटायचा आणि तसं मी तोंडावर सांगायचे.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी, हे मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि हात पिशवीवरच राहिला. काढता येईना. मी म्हणाले, "काय हे ध्यान लागल्यासारखं?" यांनी माझ्याकडं वळून बघितलं, तोंड एका बाजूला ओघळलेलं होतं, आणि पाय मुडपून खाली बसले. परभणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत उजवं अंग गेलं होतं. वाचाही गेली होती. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली, असं डॉक्टर म्हणाले. समजतं किती, हे विचारलं तर डॉक्टरांनी खांदे उडवले नाहीत, हे त्यांचे उपकार. "थोडं समजत असेल. किती, ते बाहेरून सांगता येत नाही," एवढं म्हणाले.

तीन आठवड्यांनी घरी आणलं. आमच्या घरात मी बोलते आणि हे ऐकतात, असा माझा समज होता. सगळ्या आळीचाही तोच होता. हे गप्प झाल्यावर कळलं, की घरातलं बोलणं निम्म्याहून जास्त यांचंच होतं. पंखा, कुकर, बाहेरचा टमटमवाला, सगळं ऐकू यायला लागलं. मला त्या आवाजांचा संताप यायचा.

डॉक्टर म्हणाले होते, पूर्वी जे ऐकायचे ते ऐकवत राहा. कॅसेटी केव्हाच घासून संपल्या होत्या, पण आमच्या मुलानं त्या आधीच माझ्या मोबाइलवर उतरवून घेतल्या होत्या. मुलगा पुण्यात नोकरीला. जाताना मुठीएवढा एक स्पीकर ठेवून गेला होता. एका दुपारी मी तो यांच्या उशाशी ठेवला आणि माझ्या त्या जुन्या वैरिणीला बोलावलं. पहिलं गाणं झालं. तिनं विचारलं, मागच्या खुर्च्यांना ऐकू येतंय ना. आणि नाट्यगृहाच्या ओरड्यात मिसळून खाटेवरून आवाज आला, "होय."

जाड होता, पण शब्द सबंध होता. मी खाली फरशीवर बसले आणि तिथूनच ओरडले, "काय म्हणालात?" हे माझ्याकडं बघून पुन्हा म्हणाले, "होय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं यांची धाकटी बहीण बोरीहून पेढे घेऊन आली. दारातूनच, "वैनी, दादा बोलायलाय म्हनं!" खाटेजवळ जाऊन तिनं विचारलं, "दादा, मला वळखलंस का रं?" "होय." ती हमसून हमसून रडली. मुलानं मोबाइलवर विचारलं, "बाबा, बरं वाटतंय का?" "होय." त्याचा चेहरा लहानपणी पास झाल्यावर व्हायचा तसा झाला. शेजारीपाजारी येऊन एकेक प्रश्न विचारून गेले. आजारी माणसाला लोक काय विचारतात ते जरा आठवून बघा. चहा घेतला का, झोप लागली का, ओळखलं का, आता आराम आहे ना. ज्याचं उत्तर नाही असावं असा प्रश्न आजाऱ्याला कुणी विचारतच नाही. त्यामुळं यांचं सगळ्यांशी छान जमायला लागलं.

मी मात्र चौतीस वर्षं वर्गापुढं उभी राहिलेली बाई. नवीन लागलेली बाई फळ्यावर गणित सोडवते आणि विचारते, "समजलं का?" पोरं एका सुरात म्हणतात, "होऽ बाई!" ती खूश होऊन पुढच्या गणिताला जाते. जुनी बाई तसं करत नाही. ती त्याच आवाजात विचारते, "म्हणजे नाही समजलं ना?" आणि पोरं त्याच सुरात म्हणतात, "होऽ बाई!" मग जुनी बाई फळा पुसते आणि पहिल्यापासून सुरू करते. नंदीबैलाची मान कशानं हलते ते तिला ठाऊक असतं.

नणंद बोरीला परत गेल्यावर, घरात कुणी नसताना, मी खाटेजवळ स्टूल ओढून बसले. विचारलं, "तुम्ही स्टँडवर नोकरीला होतात ना?" "होय." विचारलं, "तुम्ही शाळेत मास्तर होतात ना?" "होय." तिथंच थांबायला हवं होतं, पण थांबवेना. विचारलं, "मी मेले का हो?" यांनी माझ्याकडं मायेनं बघितलं, उत्तर देता आल्याचा आनंद तोंडावर होता, आणि म्हणाले, "होय." मी यांच्या अंगावरची चादर सारखी केली आणि चहा टाकायला आत गेले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. नणंदेचे पेढे, मुलाचा तो चेहरा, हे सगळं मोडायचं माझ्या जिवावर आलं. खरं सांगायचं तर एवढंच नव्हतं. मलाही तो होय हवा होता. रोज सकाळी तोंड पुसताना मी विचारायचे, "बरं वाटतंय ना?" आणि मिळालेल्या उत्तरावर दिवस काढायचे. वर्गातल्या पोरांना जे मी कधी करू दिलं नाही, ते मी स्वतः करत होते.

पाच महिने असे गेले. दुधात कुस्करलेली भाकरी, गुरगुट्या भात, असं काहीबाही चमच्यानं उतरत होतं. मग एके दिवशी घास चुकीच्या वाटेनं गेला. खोकला, धाप, संध्याकाळपर्यंत फणफणून ताप. परत परभणी. अन्न फुप्फुसात गेलं होतं. आठ दिवसांनी ताप उतरला तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरांनी आम्हां तिघांना खाटेजवळ बोलावलं. मी, पुण्याहून आलेला मुलगा आणि नणंद.

डॉक्टर सभ्य होता, त्यानं काही लपवलं नाही. म्हणाला, दोन रस्ते आहेत. एक, नाकातून पोटात नळी घालायची आणि सगळं अन्न-पाणी त्यातून द्यायचं. मग बरेच महिने काढतील, पण सुधारणा होईल असं मी म्हणणार नाही. दुसरा, नळी घालायची नाही, घरी न्यायचं, तोंडानं जेवढं आपसूक जाईल तेवढं द्यायचं, त्रास होणार नाही एवढं बघायचं. मग दिवस थोडे. महिना, फार तर दीड.

आता जे मी त्या खोलीत सांगितलं नाही ते इथं सांगते. आजारी पडायच्या दोन वर्षं आधी हे एका जुन्या कंडक्टर मित्राला बघून आले होते. तो असाच, नळीवर होता. घरी आले, चप्पल काढली आणि उंबऱ्यातच उभं राहून म्हणाले, "बाई, ध्यानात ठेवा. घास गिळता येईना झाला की आपली गाडी रद्द. नळ्या लावून फलाटावर उभी करून ठेवायची न्हाई." मी म्हणाले, "शुभ बोला." पण यांनी मला दोनदा विचारलं, "ठेवलं का ध्यानात?" आणि मी होय म्हणाले तेव्हाच आत आले. घरात दुसरं कुणी नव्हतं.

डॉक्टर म्हणाला, "काका शुद्धीवर आहेत, बोलतातही म्हणे. त्यांनाच विचारू." तो यांच्यावर वाकला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "काका, नळी घालायची का?"

"होय."

मुलानं इतका वेळ धरलेला श्वास सोडला. नणंदेनं छताकडं बघून हात जोडले. डॉक्टरनं मात्र माझ्याकडं बघितलं. "काकू, हे समजून बोलतात ना?"

एकच प्रश्न विचारायचा होता. डॉक्टरांना म्हणायचं होतं, आता विचारा, घरी जायचं का. उत्तर मला पाठ होतं. मग ते दोन होय समोरासमोर ठेवून सगळ्यांनी मिळून ठरवलं असतं आणि मी उंबऱ्यातलं ते बोलणं सांगितलं असतं. मी म्हणाले, "समजतं त्यांना सगळं." आणि कागदावर सही केली. का केली, याला फार मोठं कारण नाही. महिनाभरानं रिकामी होणारी खाट मला दिसली आणि मी भ्याले. यांना काय हवंय हे मला पक्कं माहीत होतं. मला हे हवे होते.

त्यानंतर हे अकरा महिने जगले. दर तीन तासांनी मिक्सरमधून काढून गाळलेलं वरणाचं पाणी, दूध, पेज, मोठ्या सिरिंजनं नळीत सोडायची. मुलगा पुण्याहून उंटावरून शेळ्या हाकायचा, आज किती दिलं, डोकं उंच ठेवलं का, पाठ बघितली का. त्याला रागावण्यात अर्थ नव्हता, तो बिचारा एवढंच करू शकत होता. मी आत लसणाची फोडणी घातली की यांची मान स्वयंपाकघराकडं वळायची. हळूहळू मी फोडणी घालायचं सोडलं. उकडलेलं खायला लागले. त्यानं यांचं काय भलं झालं, देव जाणे.

नळी घालून घरी आणल्यावर चौथ्याच दिवशी यांनी ती डाव्या हातानं ओढून काढली. वाटलं, झोपेत लागला असेल हात. पुन्हा काढली. पुन्हा. दर वेळी गावातल्या दवाखान्यातून सिस्टरला बोलवायचं, तिनं पुन्हा नाकातून सरकवायची, यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, कधी रक्त. पाचव्या वेळी सिस्टर वैतागून म्हणाली, "काकू, हात बांधा नाहीतर मला बोलवू नका." मी माझ्या जुन्या सुती साडीची पट्टी फाडली आणि यांचा डावा हात खाटेच्या गजाला बांधला. आंघोळीपुरता आणि व्यायामापुरता सोडायचा, एरवी बांधलेला. उजवा हात नियतीनं नेला, डावा मी.

दुपारची नळी देऊन झाली की मी ती मैफिल लावायचे. रोज. अकरा महिने. आता मला तिच्यातला खोकलान् खोकला पाठ झाला. आणि भांडण कधी संपलं कळलंच नाही. त्या अडीच तासांत ती बाई थकत जाते. पहिल्या गाण्यात तिचा आवाज छताला लागलेला असतो, मध्यंतरानंतर तो खाली येतो, एका ओळीपुरता फाटतो, ती श्वास घेते तो ऐकू येतो. ती लपवत नाही. लोक उठून जात नाहीत, उलट जास्त जवळ सरकून ऐकतायत असं वाटतं. स्टुडिओतली तीच बाई कधी थकत नाही. मी तिची ती स्वच्छ गाणी एकदा लावून बघितली आणि बंद केली. माझ्या घरात त्या वेळी न थकलेलं माणूस कुणी नव्हतं. यांनी तीस वर्षं मला जे समजावलं ते मला यांच्या उशाशी बसून समजलं, आणि समजलं हे यांना सांगायची सोय राहिली नव्हती.

पहिल्या प्रश्नाला हे होय म्हणायचे. मग मी मध्यंतरानंतरच्या जागेची वाट बघायचे. "कंटाळलात का?" नाट्यगृह ओरडायचं, "नाऽही!" हे गप्प. पूर्वी इथंही ओरडणारा हा माणूस, आता नुसता ऐकत पडलेला. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा यांच्या तोंडून तो शब्द यावा. नाही म्हणता येणाऱ्या माणसाच्या होयला किंमत असते. तो आला असता तर मी यांना पुन्हा सगळं विचारणार होते, नळीचं, घराचं, सगळं, आणि जे सांगतील ते करणार होते. तसं मी स्वतःशी ठरवलं होतं.

एके दिवशी मला वाटलं, एवढ्या ओरड्यात यांना वावच मिळत नसेल. मी मोबाइल हातात धरून बसले आणि बाईनं "कंटाळलात का?" विचारल्याबरोबर बटण दाबून मैफिल थांबवली. नाट्यगृह ओरडायच्या आत. खोलीत एकदम शांतता झाली. यांनी स्पीकरकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "होय."

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच केलं. "होय." तिसऱ्या दिवशीही. मी स्वतःला समजावलं, यांना दुसरा शब्द येतच नाही, हा होय कशालाही आहे, यात काही अर्थ नाही. पण मग नळीच्या वेळचा होय? तो मी खरा धरून सही केली होती. आता सोयीनं हा खोटा कसा धरायचा? वर्गात एखाद्या पोरानं असा हिशेब लावला असता तर मी त्याचे कान उपटले असते. चौथ्या दिवशी मी त्या जागी मैफिल थांबवली नाही. पुढं कधीच थांबवली नाही. नाट्यगृहाला ओरडू दिलं.

पौषात, दुपारी, नळीची वेळ व्हायच्या आधी हे गेले.

त्याला आठ महिने झाल्यावर मी बोरीला नणंदेकडं चार दिवस राहायला गेले. अंगणात आम्ही दोघी तुरीची डाळ पाखडत बसलो होतो. तिची सून कामावर गेलेली, घरात कुणी नाही. मला ते आणखी पोटात ठेववेना. मी म्हणाले, "ताई, एक सांगायचंय. यांना होयचा अर्थ कळत नव्हता. कशालाही होय म्हणायचे. मला आधीपासून माहीत होतं."

तिचे हात थांबले नाहीत. "मलाबी ठावं होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पेढे घेऊन आले त्याच दिशी. तुमी च्या करायला आत गेलात. मी इचारलं, दादा, माय आलती का रं तुला भेटायला? होय म्हन्ला." त्यांची आई जाऊन वीस वर्षं झाली होती.

मला इतका राग आला, की सूप खाली ठेवलं. "मग दवाखान्यात बोलला का नाहीत?"

"तुमी का न्हाई बोललात?"

तिनं माझं सूप उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "मला वाटलं, वैनीला पायजे. मलाबी पायजेच होता की दादा. तुमच्या पोरालाबी ठावं असंल, त्यो काय येडा हाय? पर कोन बोलंल आधी?"

मला रडू यायला हवं होतं, पण आधी हलकं वाटलं. पापाला वाटेकरी मिळाला की माणसाला किती बरं वाटतं, याची मला लाज वाटली, पण वाटलं बरंच. मी डाळ पाखडायला लागले. थोड्या वेळानं ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "सहीचं काय न्हाई, वैनी. पर हात बांधायचा नव्हता."

"नळी काढायचे ते, ताई."

"काढू द्यायची."

"सिस्टर म्हणाली, बांधा."

सिस्टर म्हणाली होती हे खरं आहे. जे मी तिला सांगितलं नाही ते असं, की सुरुवातीला मी गजाशी दोनच गाठी मारायचे. हे डाव्या हाताची बोटं वळवून, तासतासभर खटपट करून, त्या दोन्ही सोडवायचे. मी दारातून बघत उभी असायचे. मग मी तीन मारायला लागले.